मिठाचा दोर

बैल आडवा पाडायचा तर आधी त्याला दोर चाटवायचा, ही आबांची पद्धत. दुसरे नालबंद आले की सरळ अंगावर फास टाकत, चार माणसं मागून हिसका मारत आणि बैल धाडकन जमिनीवर आपटे. आबांना ते खपत नसे. ते खिशातून मिठाची पुरचुंडी काढत, दोराचा शेंडा पाण्यात बुडवून मिठात घोळवत आणि बैलाच्या तोंडापुढे धरत. बैल आधी हुंगे, मग जीभ काढी, मग चांगला निवांत चाटत राही. "होऊ दे त्याची ओळख," आबा म्हणत. "आपल्याला कोण बांधतंय ते त्याला कळायला नको?" मग एक वेढा मानेला, एक पुढच्या पायांमागे, एक मागच्या पायांपुढे आणि मागून नुसता सावकाश ताण. बैल उसासा टाकून आपण होऊन बसल्यासारखा बसे. पंचक्रोशीत त्या बसण्याचं नाव होतं. गाडीवाले म्हणत, नाल कुणीही ठोकेल, पण बैल बसवावा तर याच माणसानं.

दोर आबांच्या वडिलांचा होता. चरबी, घाम आणि मीठ पिऊन पिऊन तो काळा आणि मऊ झाला होता, आणि घरात तो दाराजवळच्या खुंटीवर एकटा असायचा. त्या खुंटीवर कपडा अडकवला तर आईलासुद्धा बोलणी खावी लागत.

मुलगी एकच. लहानपणी आबांचं बघून तीही ओठात खिळे धरून बसायची आणि लागेल तसा एकेक काढून द्यायची, म्हणून तिचं नाव खिळी पडलं. शाळेत खरं नाव हजेरीपुरतं उरलं. आता ती अठरा वर्षांची होती, हाडापेरानं बारीक, बोलायला तिखट, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. जिल्ह्याच्या ठिकाणी जनावरांच्या दवाखान्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला होता. शाळेच्या फळ्यावर कागद लागला त्या दिवशी शंभर मुलांनी तो वाचला आणि अठ्ठ्याण्णवांनी नाक मुरडलं. शेणात हात घालायला शिकायचं कशाला, ते तर घरीच चालू असतं.

खिळीखेरीज कागद उतरवून घेणारा एकच निघाला, गवळ्याचा पोरगा. त्याला सगळे भोंग्या म्हणत, कारण सकाळी दूध घालायला निघाला की त्याचा आवाज सायकलच्या आधी पोचे. त्यानं कागद मोठ्यानं वाचला आणि शेवटच्या ओळीशी थांबला.

"सरकारी पशुवैद्याचं शिफारसपत्र पाहिजे. हातानं काम केल्याचं. आणि एका दवाखान्याला एकच."

"एकच म्हणजे?"

"म्हणजे तू नाहीतर मी." तो हसला. "तू नाल मारतेस, मी धारा काढतो. बघू डॉक्टर कुणाला भुलतो ते."

खिळीही हसली. पण घरी येईपर्यंत तिचं हसू ओसरलं होतं. भोंग्याकडे अकरा गाई होत्या. पत्र नाही मिळालं तर तो गवळी होईल, त्यात काही वाईट नव्हतं. तिचं काय? नालबंदाच्या मुलीला नालबंद कुणी होऊ देणार नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन आयुष्यभर चुलीपुढे बसायची तिची तयारी नव्हती. ते पत्र तिला हवंच होतं.

रस्ते कोरडे झाले आणि माल ओढायचा हंगाम लागला. लाकूड, दगड, धान्य, सगळं एकदमच हलवायचं असतं, आणि झिजल्या खुरांनी बैल चालत नाही. आबांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका बैलाचे आठ नाल, दिवसाला तीन-चार बैल. संध्याकाळी त्यांची बोटं मिटत नसत. पेला दोन्ही तळहातांत धरून चहा प्यायचे.

त्याच दिवसांत लाकूडवाल्याच्या बैलाच्या तोंडाला लाळ लागली. आधी वाटलं, काही खाल्लं असेल. दोन दिवसांत जिभेवर फोड आले, खुरांच्या बेचक्यात चिरा पडल्या आणि बैल पाय झाडत उभा राहिला. मग दगडवाल्याचा. मग तेल्याची जोडी. खुरकूत आली होती.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे लोखंडी कठडा. डॉक्टर पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, कायम घाईतला माणूस. त्याच्या मदतनिसाचा पाय मोडून तो घरी पडला होता. डॉक्टरानं खिळीला आणि भोंग्याला बोलावून घेतलं.

"पत्र पाहिजे ना दोघांना? मग बाह्या सरसावा. पगारबिगार नाही. काम बघीन आणि ठरवीन."

काम कसलं, अंगमेहनतच होती ती. सकाळपासून बादलीत औषधाचं जांभळं पाणी कालवायचं, बैलाचा जबडा उघडून धरायचा आणि जीभ बाहेर ओढून धुवायची. फोड फुटले की जिभेचं कातडं हातात यायचं. बैल कण्हायचा, लाळेच्या तारा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायच्या. मग खाली बसून खुरांच्या बेचक्यातला मळ काढायचा, त्यात अळ्या पडल्या असतील तर चिमट्यानं एकेक वेचायची. भोंग्याला पहिल्या दिवशी दोनदा ओकारी झाली. खिळीला झाली नाही. खुरं तिच्या ओळखीची होती. पाय कसा उचलायचा, गुडघ्यात कुठं दाबलं की बैल पाय सैल सोडतो, हे तिला डॉक्टरापेक्षा बरं कळत होतं. डॉक्टरानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून वही त्यानं तिच्या हातात दिली.

वहीत रकाने होते. घर कुणाचं, जनावरं किती, लाळ कधी दिसली, आणि शेवटचा रकाना: आधीच्या दहा दिवसांत गोठ्यात बाहेरचं कोण आलं.

"हा शेवटचा महत्त्वाचा," डॉक्टर म्हणाला. "रोग काही उडत येत नाही. कुणाच्या तरी हातापायानं येतो. तो हात जो शोधेल त्याला मी डोळे झाकून पत्र देईन. चला."

खिळी घरोघर फिरली.

"काकू, गोठ्यात बाहेरचं कुणी आलं होतं का?"

"कुणी नाही बाई."

"व्यापारी? पाहुणा? दुसऱ्याचं जनावर?"

"छे गं. तुझे आबा येऊन गेले नाल मारायला तेवढंच. ते काय बाहेरचे?"

तिनं लिहिलं: कुणी नाही. दगडवाल्याकडे तेच. तेल्याकडे तेच. "कोण येणार? तुझा बाप आला होता, पण तो तर घरचाच." सहा घरं झाली आणि सहा वेळा तिनं लिहिलं, कुणी नाही. सातव्या घरच्या पायरीवर बसून ती तारखा बघत होती. लाळ दिसलेली तारीख. त्याच्या आधी चार दिवस, पाच दिवस. आबा कधी कुणाकडे गेले हे तिला वहीत बघावं लागत नव्हतं, कारण नालांच्या जुड्या तीच बांधून देत होती. पहिला लाकूडवाला. त्याच दिवशी दुपारी दगडवाला. दुसऱ्या दिवशी तेली. आबा गेले होते त्या क्रमानं लाळ आली होती, एक घर चुकलं नव्हतं. लाकूडवाल्याचा बैल त्या दिवशी नुसता मलूल होता, आबांनीच घरी येऊन सांगितलं होतं. म्हणाले होते, पण मीठ मात्र मन लावून चाटलं हो त्यानं.

तिनं वही मिटली.

घरी आली तेव्हा आबा अंगणात खुरांच्या तासणीला धार लावत बसले होते. आई दाण्यातले खडे निवडत होती. खिळीनं हात धुतले, पुन्हा धुतले आणि खुंटीकडे पाहत म्हणाली, "आबा, दोर उकळून घेऊ या का?"

"काय घेऊ या?"

"धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात. डॉक्टर म्हणतात दावी, दोर, सगळं उकळा."

"म्हणोत. सोड्यात घातला तर उद्या पीठ होईल त्याचं. माझ्या बापाचा दोर आहे तो, तुझ्या डॉक्टराचा लेंगा नाही."

"मग नवा घ्या. नाहीतर निदान चाटवू नका."

आबांनी तासणी खाली ठेवली. "का?"

तिनं सांगितलं. एकेक घर, एकेक तारीख. सांगताना तिचा आवाज खाली खाली गेला. आई निवडायची थांबली होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते चक्क हसले. "खिळे, मीठ आहे ते. जखमेला आपण मिठाचं पाणी लावतो ना? मिठानं रोग मरतो. चाळीस वर्षं चाटवतोय मी. आजवर काय झालं?"

"आजवर खुरकूत नव्हती, आबा."

"चार दिवस वही काय धरलीस, बापाला रोग म्हणायला लागलीस होय गं?"

"मी तुम्हाला नाही म्हणत, दोराला म्हणतेय."

"दोर आणि मी काय वेगळे आहोत?" ते उठले आणि दोराची गुंडाळी खांद्यावर टाकून परत खुंटीला अडकवली, उगीचच. "उद्या सकाळी गवळ्याकडे जायचंय. त्याच्या दुधाच्या गाडीचे बैल लंगडायला लागलेत. जुडी बांधून ठेव."

आईनं खिळीकडे पाहिलं आणि मान हलवली. गप्प बस, असं त्या मानेत होतं. खिळी गप्प बसली आणि तिनं सोळा नालांची जुडी बांधून ठेवली.

हीच गोष्ट तिला पुढे आयुष्यभर खात राहिली. आबांचं सोडा, ते हट्टी होते आणि त्यांना ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. सकाळी भोंग्या तिच्या शेजारी बादली धरून उभा होता, दिवसभर उभा होता. "आज तुझे आबा आमच्याकडे," तो म्हणालासुद्धा. "आई म्हणाली, नालबंदाला दूध दिल्याशिवाय सोडू नका." अजून वेळ होता. गवळ्याचं घर हाकेच्या अंतरावर. पळत जाऊन सांगता आलं असतं, आज नको, दोर वाईट आहे. पण काय सांगणार? माझ्या बापाला दारातून परत पाठवा? तिनं बैलाची जीभ घट्ट धरली आणि म्हणाली, "पाणी ओत." भोंग्यानं पाणी ओतलं.

चार दिवसांनी गवळ्याच्या गाडीचा एक बैल लाळ गाळायला लागला. सहाव्या दिवशी गाई.

अकरा गाई एका छपराखाली, खेटून बांधलेल्या. खिळी आणि डॉक्टर गेले तेव्हा दारातच आंबूस वास आला. गाई मान खाली टाकून उभ्या होत्या, ओठ मिटत नव्हते, आणि गोठ्यात च्यक च्यक असा एकच आवाज भरून राहिला होता. सडांवर फोड आले होते. दूध काढायचं तर फोड फुटत, न काढावं तर कास दगडासारखी होई. गवळी एकेका गाईखाली बसत होता. सडाला बोट लागलं की गाय थरथरे आणि लाथ मारायचीही ताकद नसल्यामुळे नुसती वाकून उभी राही. बादलीत रक्ताळलेलं दूध पडत होतं आणि भोंग्या ते उचलून मागच्या खड्ड्यात ओतत होता. कोपऱ्यात एक वासरू पडलं होतं. त्याला फोडबिड काही नव्हते, आईचं दूध पिता पिताच गेलं होतं ते.

भोंग्याचा आवाज गेला होता. तो एरवी कुजबुजला तरी चार घरांना ऐकू येई, पण आता ओठ हलले तेव्हा खिळीला पुढे वाकावं लागलं.

"लिही ना," तो म्हणाला. "शेवटचा रकाना. कुणी नाही आलं. आम्ही दारात सोडा टाकला होता, चुन्याची रेघ मारली होती. मी स्वतः कपडे बदलून आत येत होतो. कुणी म्हणजे कुणी नाही आलं."

खिळीनं वही उघडली. पेन हातात धरून ती उभी राहिली. डॉक्टर वासराजवळ उकिडवा बसला होता. गवळीण खांबाला टेकून बसली होती आणि तोंडात पदराचा बोळा होता.

"काका," खिळी गवळ्याला म्हणाली, "आबा आले होते ना?"

"हो, पण ते..." गवळी गाईखालून म्हणाला आणि थांबला. त्याचे हातही थांबले.

तिनं लिहिलं. मग पानं मागे उलटून सहा ठिकाणी 'कुणी नाही' खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं: नालबंद. दोर चाटवला. अक्षर नीट आलं होतं. खरं ते लिहिलं पाहिजे म्हणून लिहिलं, की भोंग्याचं तोंड बघवेना म्हणून, की डॉक्टर डोळे झाकून पत्र देणार होता म्हणून, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. नंतरही आलं नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यातली एक तिला लाज आणणारी होती.

डॉक्टरानं वही तिथंच वाचली. एकदा वाचली, मग बोट ठेवून तारखा जुळवल्या. "अरे वा," तो म्हणाला. मेलेल्या वासराशेजारी उभं राहून तो अरे वा म्हणाला, आणि खिळीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला. भोंग्या तिच्याकडे बघत होता.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

डॉक्टराच्या हातातली वही अजून उघडी होती. त्याला तारखा वाचता येत होत्या. त्यानं रिकामी बादली उचलली आणि तो मागे खड्ड्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यापुढे सगळे जमले. डॉक्टरानं कठड्याशी उभं राहून घरं आणि तारखा वाचून दाखवल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. आबांना बोलावणं गेलं होतं. ते स्वच्छ सदरा घालून आले होते, त्यांना वाटलं होतं नालांबद्दल काही विचारायचं असेल. ऐकता ऐकता त्यांची नजर माणसांवरून फिरली आणि खिळीच्या हातातल्या वहीवर येऊन थांबली.

"दोर आणा," डॉक्टर म्हणाला.

"मी उकळून घेतो, साहेब. सोड्यात."

"आता उकळून काय करता? जाळावा लागेल."

"नुसता शेंडा कापला तर? चाटतात तो शेंडाच." आबा हे इतक्या हळू बोलले की लाकूडवाल्यानं मान दुसरीकडे वळवली. तो आबांचा बालमित्र होता.

आबा स्वतः घरी जाऊन दोर घेऊन आले. कुणी त्यांच्याबरोबर गेलं नाही आणि वाटेत लोक दोन पावलं बाजूला झाले. डॉक्टरानं रॉकेल ओतलं. दोर लवकर पेटेना, मग पेटला तो चरबीच्या काळ्या धुरानं, आणि आतलं चाळीस वर्षांचं मीठ तडतड उडायला लागलं. त्या आवाजाला कुणीतरी मागे हसलंही. आबा शेवटपर्यंत उभे होते. मग डॉक्टरानं त्यांना सोड्याच्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवायला सांगितलं, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत वर ओढून पाय बुडवले. त्यांचे पाय इतके पांढरे आणि बारीक आहेत हे खिळीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गवळी पुढे आला तेव्हा वाटलं, आता हात उगारतो. तो एवढंच म्हणाला, "नालबंद, तुला दूध दिलं रे आम्ही त्या दिवशी." आणि निघून गेला.

त्यानंतर आबांना कुणी नाल मारायला बोलावलं नाही. रोग ओसरला, बैल पुन्हा गाड्यांना जुंपले, पण नाल ठोकायला पलीकडच्या गावचा माणूस यायला लागला. तो बैल धाडकन आपटायचा. आबा पशुखाद्याच्या गोदामात पोती उचलायला लागले. तिथंही मालकानं अट घातली की मागच्या दारानं यायचं आणि पुढे बांधलेल्या गिऱ्हाइकांच्या जनावरांजवळ जायचं नाही. घरी ते रागावले असते, ओरडले असते, तर खिळीला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. तिला ते खिळे म्हणायचेही थांबले नाहीत. फक्त तासणी आणि हातोडा त्यांनी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला, आणि दाराजवळच्या खुंटीवर आता आईचे ओले कपडे वाळत असत.

गवळ्याच्या चार गाई गेल्या, उरलेल्या आटल्या. भोंग्यानं अर्ज फाडून टाकला आणि तो हमरस्त्यावर टायरच्या दुकानात लागला. रबर बरं, म्हणाला, लाळ गाळत नाही. खिळीला हे दुसऱ्याकडून कळलं.

पत्र आलं, शिक्क्याचं, टाइप केलेलं.

"वाच की मोठ्यानं," आई म्हणाली.

खिळीनं वाचलं. "सदर विद्यार्थिनीने साथीच्या काळात दीड महिना विनावेतन काम केले. तिची निरीक्षणशक्ती..." इथं ती एक अख्खी ओळ गाळून पुढे गेली. "तिला प्रवेश मिळावा अशी शिफारस करतो." आई डोळे पुसत म्हणाली, चांगलं लिहिलंय. आबा जेवत होते. ते म्हणाले, "प्रवेशाची परीक्षा कधी आहे?"

"बुधवारी. बैल पाडून दाखवायचाय."

"मग मी येतो बरोबर. तिथला बैल अनोळखी असणार."

बुधवारी एसटीतून उतरल्यावर त्यांनी तिच्या हातात कागदाची पुरचुंडी दिली. बोटांना कळलं आत काय आहे ते. "दोर त्यांचा नवा असेल," आबा म्हणाले. "नव्या दोराला जनावर बिचकतं. घे बरोबर. नको वाटलं तर नको लावू."

कॉलेजचं आवार मोठं होतं. तारेच्या कुंपणाच्या आत मऊ मातीचं रिंगण, एक पांढरा बैल, टेबलामागे तीन माणसं. बरोबर आलेल्यांना कुंपणाबाहेर उभं केलं होतं. आबा तारेला हात न लावता उभे राहिले. हात न लावायची आता सवय झाली होती.

खिळीच्या आधी पाच मुलगे होऊन गेले होते. दोघांना बैल पाडताच आला नाही. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती रिंगणात गेली आणि दोर उचलला. पिवळा, खरखरीत, नायलॉनचा. बैल तिच्याकडे बघून फुरफुरला. आधीच्या धडपडीनं त्याच्या खांद्यांची कातडी थरथरत होती. खिळीचा हात आपोआप खिशात गेला.

टेबलामागची तिघं बघत होती. मधल्या म्हाताऱ्यापुढे तिचं पत्र उघडं होतं. तिनं हात खिशातून बाहेर काढला, रिकामा.

एक वेढा मानेला, एक पुढच्या पायांमागे, एक मागच्या पायांपुढे. तिनं ताण दिला. बैल पाय रोवून उभा राहिला, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं, आणि मग एकदम कोसळला. जमीन हादरली. तो पडल्या पडल्या हंबरला आणि त्याच्या तोंडातून फेस आला. तिनं मान दाबून धरली, गाठ मारली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"शाब्बास!" म्हातारा म्हणाला. "इकडे ये." त्यानं पत्र हातात घेतलं आणि शेजारच्यांना ऐकवायला म्हणून मोठ्यानं वाचलं. सवयीनं त्याचा आवाज वर्गातल्यासारखा लांबवर जाणारा होता. "'गावातील एका अडाणी नालबंदाच्या घाणेरड्या सवयीमुळे साथ पसरत असल्याचे सदर विद्यार्थिनीने एकटीने शोधून काढले.' ऐकलंत? ही खरी नजर. दोर चाटवायचा म्हणे! काय एकेक लोक असतात." तो तिच्याकडे वळला. "कोण होता गं तो? ओळखीचा?"

खिळीनं कुंपणाकडे पाहिलं नाही.

"गावातला एक," ती म्हणाली.

"बरं झालं शोधलास. जा, तुझी जागा पक्की समज."

ती बाहेर आली तेव्हा आबा कुंपणाशी नव्हते. रिंगणाच्या मागे पाण्याचा हौद होता, तिथं पांढऱ्या बैलाला मोकळं करून आणून बांधलं होतं. आबा त्याच्यापासून चार पावलांवर उभे होते. बैलाचा गुडघा सोलवटला होता आणि तो पाण्याला तोंड लावत नव्हता.

"झालं," ती म्हणाली. "मिळाली जागा."

"हो. ऐकलं मी." ते बैलाकडेच बघत होते. "घाबरला गं तो, खिळे."

तिनं खिशातली पुरचुंडी काढून त्यांच्यापुढे धरली. घामानं कागद भिजून मीठ त्याला चिकटलं होतं. आबांनी ती घेतली, उलगडली, मीठ तळहातावर घेतलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ते एका जनावराजवळ गेले. बैलानं मान मागे घेतली, मग पुढे आणली. मग जीभ काढली.

"ए! ए बाबा! हात काढ!" शिपाई लांबूनच ओरडत आला. "बाहेरच्या माणसांनी जनावरांना हात लावायचा नाही. पाटी दिसत नाही? कोण तुम्ही? कुणाबरोबर आलात?"

खिळीनं तोंड उघडलं, पण आबा तिच्या आधी बोलले.

"कुणाबरोबर नाही," ते म्हणाले. "गावातला एक."

त्यांनी ओला हात विजारीला पुसला आणि फाटकाकडे चालायला लागले. बैल मान लांब करून त्यांच्या मागे बघत राहिला, मग त्यानं हौदात तोंड घातलं.